राईडवर लागलं तर कुठे जायचं? पार्कशी तडजोड, पोलीस, ग्राहक आयोग की सिव्हिल कोर्ट

ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांसाठी लिहितोय, कारण सुट्टीत घोडबंदरच्या वॉटर पार्कपासून जत्रेतल्या आकाशपाळण्यापर्यंत आपण सगळे मुलांना घेऊन जातो आणि काही झालं की पहिल्या दिवशीच चुकीचा कागद सही करून बसतो. माझं मत आधीच सांगतो, हाड मोडलं असेल किंवा त्याहून जास्त लागलं असेल तर पोलीस आणि ग्राहक आयोग दोन्हीकडे जा. यातलं एकच निवडायचं असं काही नसतं.

पार्कशी तडजोड सगळ्यात फास्ट. मॅनेजर हॉस्पिटलचं बिल भरतो, गोड बोलतो आणि मग "पूर्ण आणि अंतिम भरपाई मिळाली, पुढे तक्रार नाही" असं पत्र पुढे करतो. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी डिस्चार्जच्या दिवशीच अशी सही केली, नंतर हाडात बसवलेली प्लेट काढायचं ऑपरेशन निघालं आणि तो खर्च घरच्यांवर आला. पैसे घ्या ना, पण "आत्तापर्यंतच्या उपचारापोटी" एवढंच लिहून द्या. किरकोळ खरचटलं असेल, दोन टाक्यांवर निभावलं असेल, तर मात्र हा पर्याय पुरेसा आहे, उगाच कोर्टात जाऊ नका.

पोलीस तक्रारीतून पैसे लगेच मिळत नाहीत, पुरावा मिळतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम १२५ खाली निष्काळजीपणाने दुखापत झाली तर ६ महिन्यांपर्यंत कैद आणि गंभीर दुखापत असेल तर ३ वर्षांपर्यंत, यंत्राच्या बाबतीत हलगर्जीपणाला कलम २८९, आणि मृत्यू झाला तर कलम १०६ मध्ये ५ वर्षांपर्यंत. पंचनामा होतो, तुटलेला बेल्ट किंवा बोल्ट जप्त होतो, आणि हे नंतर कुठेही गेलात तरी कामाला येतं. २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरियाला पेंड्युलम राईड तुटून दोघं गेले तेव्हा राईड चालवणाऱ्यांना अटक झाली होती. अपघात खोपोलीकडे झाला आणि तुम्ही पेशंटला ठाण्यात आणलंत, तरी जवळच्या पोलीस स्टेशनला झिरो एफआयआर (हद्द न बघता नोंदवून घ्यायची तक्रार) देता येतो.

आता ग्राहक आयोग, आणि हा मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केस कुठल्या आयोगात चालणार हे तुम्ही किती भरपाई मागताय यावर ठरत नाही, तिकिटाला किती पैसे दिलेत त्यावर ठरतं, आणि ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. म्हणजे हजार-बाराशेच्या तिकिटावर वीस लाख मागितले तरी जिल्हा आयोगच, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. ही पद्धत २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कायम ठेवली. पार्क दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता तिथे, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच केस टाकता येते, वकील सक्तीचा नाही, आणि तिकीट बाबांनी काढलं असलं तरी मूलही ग्राहकच. मुदत २ वर्षं, ती चुकवू नका. निकाल कायद्यात लिहिलाय तेवढ्या ३-५ महिन्यांत लागेल असं धरून मात्र चालू नका.

"राईड स्वतःच्या जबाबदारीवर" अशी पाटी किंवा तिकिटामागची बारीक अक्षरं बघून घाबरू नका, बेल्ट खराब होता किंवा ऑपरेटरने लॉक तपासलं नाही तर पाटीने जबाबदारी जात नाही. हां, तुम्हीच उंचीची अट मोडून मुलाला बसवलं असेल तर रक्कम कमी होऊ शकते.

सिव्हिल दावा मी शेवटी ठेवतो. कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर, वकील लागणारच, वर्षं जातात. पण मुदत ३ वर्षं, आणि जखमी मूल अल्पवयीन असेल तर १८ पूर्ण झाल्यावर पुढची ३ वर्षं मिळतात, त्यामुळे ग्राहक आयोगाची वेळ गेली असेल तर हाच रस्ता. एक खाचखळगा नेरूळच्या वंडर्स पार्कसारख्या महापालिकेच्या जागांबद्दल: महापालिकेवर दावा टाकायचा तर महापालिका कायद्याच्या कलम ४८७ प्रमाणे आधी एक महिन्याची नोटीस आणि दावा टाकायला सहा महिन्यांचीच मुदत, हे आडवं येऊ शकतं, म्हणून अशा केसमध्ये वकिलाला पहिल्याच आठवड्यात भेटा.

कुठलाही रस्ता घेतलात तरी डॉक्टरांना केसपेपरवर "राईडवर लागलं" असंच लिहायला सांगा आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद) करून घ्या, कॅशलेसच्या घाईत "घरी पडला" असं लिहिलं गेलं की पार्कचा वकील तेच धरून बसतो. त्याच दिवशी पार्कला ईमेल टाका की सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा, कारण ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. तिकीट नसेल तर यूपीआयचा स्क्रीनशॉट चालतो, शेजारच्या सीटवरच्या माणसाचा नंबर घ्या. राईडच्या परवानगीचे आणि तपासणीचे कागद आरटीआयमधून मागा, १० रुपयांत होतं. वकील परवडत नसेल तर महिला आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर, आणि ग्राहक तक्रारीची माहिती हवी असेल तर १९१५.