बॅचमेट इंग्लंडात वारला. त्याच्यावर कुठे लिहून पाठवायचं?

बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी येते, शंभरेक हात जोडले जातात, आणि चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, "याच्यावर नीट काहीतरी लिहून ठेवायला हवं." हवंच. मित्रानं आयुष्यभर ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, नोकरी केली असेल, तर त्याची सोय तिकडे पूर्वीपासून आहे. बीएमजे हे साप्ताहिक डॉक्टरांचे मृत्युलेख छापतं. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स ऑफ इंग्लंडचा 'प्लार्स लाइव्ह्ज ऑफ द फेलोज' हा चरित्रसंग्रह आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा 'मंक्स रोल' आहे. त्याला हल्ली 'इन्स्पायरिंग फिजिशियन्स' म्हणतात. तिन्हींचा बाज वेगळा, आणि आपल्याकडून पाठवलेला मजकूर अडतो तोही वेगवेगळ्या जागी.

तिघांत उजवा प्लार्सच. या कॉलेजची फेलोशिप 1843 साली सुरू झाली, आणि तेव्हापासूनच्या फेलोंची चरित्रं इथे आहेत. व्हिक्टर प्लार हे कॉलेजचे ग्रंथपाल. पहिले दोन खंड 1930 साली निघाले; आता सगळं इंटरनेटवर आहे, शोधता येतं आणि वाचायला पैसे पडत नाहीत. खरी मजा त्याच्या साच्यात आहे. कुठे सर्जन होता हे एका वाक्यात सांगून झालं की लेख थेट जन्मावर येतो: गाव कुठलं, वडील काय करत, आईचं नाव, शाळा कोणती, मेडिकलला कुठे, कोणत्या सरांच्या युनिटला हाउस पोस्ट (म्हणजे शिकाऊ डॉक्टरची पहिली नेमणूक). पोस्टिंग, शस्त्रक्रिया, संशोधन वगैरे त्यानंतर, आणि शेवटी छंद, बायको, मुलं, नातवंडं. तिकडे जन्मलेल्या मुलांना बाबांच्या नोकरीचा उत्तरार्ध तोंडपाठ असतो, पण ते बार्शीच्या कुठल्या शाळेत होते किंवा केईएमला कोणाच्या हाताखाली शिकले, हे माहीत नसतं. परिणामी भारतातून गेलेल्या डॉक्टरांवरच्या लेखांत पहिली पंचवीस वर्षं दोन ओळींत उरकलेली दिसतात. ती वर्षं भरून द्यायची तर बॅचमेटनीच.

पण इथे अट आहे, आणि आपले लोक नेमके तिथेच अडकतात. हा संग्रह इंग्लंडच्या कॉलेजच्या फेलोंचा आहे. आपल्याकडून गेलेल्या कितीतरी सर्जननी एफआरसीएस, म्हणजे सर्जन्सच्या कॉलेजची फेलोशिप, एडिनबरा किंवा ग्लासगोची केलेली असते. पाटीवर दोन्हीकडे 'एफआरसीएस'च दिसतं, म्हणून कंसातलं गाव आधी बघा. फक्त एडिनबरा असेल तर प्लार्समध्ये जागा नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे बहुधा त्यांच्या वेगळ्या कॉलेजची एमआरसीओजी-एफआरसीओजी असते. सोबत इंग्लंडची एफआरसीएस नसेल तर तोही इथे बसत नाही.

फिजिशियन मित्रासाठी मंक्स रोल. विल्यम मंक यांनी 1861 साली पहिल्यांदा छापलेली ही यादी कॉलेजच्या स्थापनेपासून, म्हणजे 1518 पासून सुरू होते. इथली गोम एमआरसीपी (सदस्यत्व) आणि एफआरसीपी (फेलोशिप) यांतल्या फरकात आहे. एमआरसीपी परीक्षा देऊन मिळते, एफआरसीपी निवडून देतात. रोल फेलोंचा आहे, त्यामुळे नुसत्या एमआरसीपीवर नाव लागत नाही. शिवाय एमआरसीपी (यूके) ही तीन कॉलेजांची सामाईक परीक्षा, म्हणून फेलोशिप लंडनची की एडिनबराची की ग्लासगोची, हे घरच्यांना विचारून घ्यावं लागतं. भिंतीवरच्या प्रमाणपत्राचा फोटो मागवला की प्रश्न मिटतो. लेखांचा सूर प्लार्सपेक्षा किंचित औपचारिक, पण जेरियाट्रिक्ससारख्या (वृद्धांच्या आजारांच्या) शाखेत हयात घालवलेल्या माणसाला इथे ऐसपैस जागा मिळते. ही शाखा तिकडे उभी राहिली त्यात दक्षिण आशियातून गेलेल्या डॉक्टरांचा वाटा मोठा होता, तेव्हा वॉर्ड कसा उभा केला, डे हॉस्पिटल कधी सुरू केलं, हे तपशिलानं लिहा. 'वृद्धांची मनोभावे सेवा केली' या वाक्याचा कुणालाच उपयोग नाही.

ॲनेस्थेटिस्टसाठी (भूलतज्ज्ञासाठी) रॉयल कॉलेज ऑफ ॲनेस्थेटिस्ट्सचा स्वतःचा 'लाइव्ह्ज ऑफ द फेलोज' आहे. जीपी (फॅमिली डॉक्टर), असोसिएट स्पेशालिस्ट आणि स्टाफ ग्रेड (हॉस्पिटलातले कन्सल्टंटच्या खालचे हुद्दे), कम्युनिटीत काम केलेल्या बायका, या सगळ्यांसाठी उरतं बीएमजे. इथे फेलोशिप लागत नाही, डॉक्टर असणं पुरतं. जागा मात्र तुटपुंजी, साधारण अडीचशे शब्दांची. त्यात शेवटची ओळ ठरलेल्या साच्याची: हुद्दा आणि गाव, मग कंसात बी म्हणजे जन्मसाल, क्यू म्हणजे क्वालिफाय झाल्याचं ठिकाण आणि साल, पुढे पदव्या, कंस बंद, कशानं आणि कोणत्या तारखेला निधन. मृत्यूचं कारण तिथे सरळ लिहितात. आपल्याकडचं 'अल्पशा आजाराने' चालत नाही, म्हणून वहिनींना किंवा मुलांना आधीच स्पष्ट विचारा आणि त्यांची संमती घ्या. आणि पाठवायला वर्ष घालवू नका, ताजं असतानाच पाठवा. नमुने हवे असतील तर पबमेड सेंट्रलवर बीएमजेचे 1840 पासूनचे जुने अंक फुकट चाळता येतात. 'क्यू बॉम्बे' असलेले दहा-बारा लेख वाचले की साचा हाताला बसतो.

ही एक ओळ लिहिताना सगळ्यात जास्त चुका होतात. आपण बॅच प्रवेशाच्या सालानं ओळखतो. '63 ची बॅच' म्हणजे 1963 ला आत आलेले. क्यूपुढे हवं एमबीबीएस पदवीचं साल, म्हणजे चार-पाच वर्षं पुढचं. दुसरी चूक कॉलेजची. तिकडच्या अधिकृत नोंदीत विद्यापीठ लिहितात, कॉलेज नाही. 'युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे' एवढ्यावरून माणूस जेजेचा, जीएसचा की नायरचा, काही कळत नाही. म्हणून मजकुरात कॉलेजचं नाव वेगळं लिहाच. बॉम्बेचं मुंबईही करू नका. विद्यापीठाचं नाव 1996 साली बदललं, 1968 च्या पदवीवर 'बॉम्बे'च आहे. पूना विद्यापीठाचंही तसंच.

जन्मतारखेचं प्रकरण तर खास आपलं. त्या पिढीत शाळेत घालताना गुरुजींनी 1 जून लिहिलेले निम्मे. पासपोर्टवर आणि तिकडच्या सगळ्या कागदांवर तीच तारीख जाते. बीएमजेला फक्त साल लागतं, पण तेही कधीकधी एखाद्या वर्षानं सरकलेलं असतं. चरित्रात कागदावरची तारीख द्या. खरी माहीत असेल तर त्याच वाक्यात तीही सांगा. ब्रिटिश वाचकाला ती गंमत कळते, आणि पुढे कुणी नोंद जुळवायला गेलं तर घोटाळा होत नाही.

हुद्द्याबाबत अतिशयोक्ती नको. महाराष्ट्रात एमडी झालेला कोणीही 'कन्सल्टंट'. एनएचएसमध्ये ती एक ठराविक नेमणूक आहे, आणि पुष्कळ हुशार भारतीय डॉक्टर निवृत्त होईपर्यंत असोसिएट स्पेशालिस्टच राहिले. त्यांना मरणोत्तर बढती दिली तर तिकडचा संपादक पहिल्या फटक्यात ओळखतो आणि बाकीच्या मजकुरावरचाही विश्वास उडतो. उलट सर्जनच्या नावाआधी 'मिस्टर' छापून आलं म्हणून 'डॉक्टर काढून टाकलं' असा निरोप धाडू नका. तिथे सर्जनला मिस्टरच म्हणतात. 'प्लॅब (परदेशी डॉक्टरांची तिकडची परीक्षा) पास होऊन 1970 ला गेला' हे वाक्यही हमखास येतं. भारतीय पदव्यांची मान्यता 1975 साली काढली गेली आणि ही परीक्षा त्यानंतरची. आधी गेलेल्यांनी ती दिलेलीच नाही.

माहिती पडताळायला जनरल मेडिकल कौन्सिलचं, म्हणजे ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेचं, रजिस्टर फुकट आहे. (जीएमसी म्हटलं की नागपूरकरांना गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज आठवतं, ते सोडा.) तिथे सात आकडी क्रमांक, पदवी, साल, विद्यापीठ आणि स्पेशालिस्ट रजिस्टरवर नाव होतं का, हे दिसतं. मर्यादा अशी की 20 ऑक्टोबर 2005 नंतर कधीतरी नोंदणीत असलेल्यांचीच नावं मिळतात. त्याआधी नोंदणी सोडलेला इथे सापडणार नाही. नाव सापडत नसेल तर उलटसुलट करून बघा. आपलं स्वतःचं-वडिलांचं-आडनाव असं त्रिकूट तिकडे कसंही मोडतं, कधी वडिलांचं नावच आडनाव होऊन बसतं. बायकांचं तर माहेरचं आणि सासरचं दोन्ही टाकून पाहावं. एमबीई, ओबीई हे ब्रिटिश किताब मिळाले होते असं कोणी म्हणत असेल तर लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात शोधा; तेही फुकट, आणि तिथे नसेल तर लेखात लिहू नका.

राहिला फोटो. निवृत्तीच्या समारंभातला तिकडून येतोच, पण प्लार्ससारख्या ठिकाणी तरुणपणचा असेल तर सोबत द्यावा. तो बहुधा बॅचच्या ग्रुप फोटोतच असतो, पायऱ्यांवर पाच रांगा आणि चेहरा जेमतेम एक सेंटिमीटरचा. 300 डीपीआयवर स्कॅन केलात तर चेहऱ्याला सव्वाशे पिक्सेलही मिळत नाहीत. 1200 वर करा, पावणेपाचशेच्या आसपास मिळतात, तेवढ्यात ओळख पटते. जुन्या फोटोचा कागद खरखरीत असेल तर त्याचा पोतही स्कॅनमध्ये उमटतो. फोटो आडवा-उभा फिरवून दोनदा स्कॅन करा आणि त्यातला बरा ठेवा. फाइल ईमेलनं पाठवा. व्हॉट्सॲपनंच पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, नाहीतर फोटो दाबला जातो आणि केलेली मेहनत वाया जाते. मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहिलेली नावं असतात, तीही बाजू स्कॅन करा. पन्नास वर्षांनी तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथा कोण, यावर बॅचमेटचंही एकमत होत नाही.