गांडूळ खत, 40 किलोची बॅग: हापूसला मानवलं

देवगडला आमच्या 10 कलमांना दोन वर्षं हेच खत घालतोय. पाऊस सुरू झाला की फांद्यांच्या घेराच्या जरा आत गोल चर खणून टाकायचं आणि मातीने बुजवायचं, अगदी खोडापाशी नको कारण अन्न घेणारी बारीक मुळं लांब असतात. खत काळंभोर, चहापावडरीसारखं रवाळ, घाण वास अजिबात नाही. पालवी जोमदार आली, यंदा फळगळ पण कमी झाली आणि कातळावरच्या मातीत ओल टिकते हे सगळ्यात भारी! फक्त मागच्या खेपेला दोन बॅगा अर्धवट कुजलेल्या निघाल्या, हात घातला तर आत चक्क गरम, असलं खत मुळांना घालूच नका. दुकानदाराने लगेच बदलून दिल्या म्हणून परत तिथूनच घेणार.