ऑर्कुट भारी की फेसबुक?

भो, दोन्ही निघाले २००४ लाच, ऑर्कुट (गुगलची सोशल साईट, फेसबुकसारखीच) जानेवारीत न फेसबुक फेब्रुवारीत, पण आमच्या जळगावात आधी ऑर्कुटच पोचलं. कॅफेत तासाचे पैसे भरायचे न पहिलं स्क्रॅपबुक (दोस्तांचे मेसेज यायचे ते पान) उघडायचं, मग टेस्टिमोनियल (दोस्ताने आपल्याबद्दल लिहिलेले दोन शब्द) कोणी लिहिलं का ते बघायचं, आणि सेटिंग चालू असलं की प्रोफाइलला कोण येऊन गेलं तेही नावासकट दिसायचं (यावरून कॉलेजात दोन भांडणं झाली, एकात मी होतो). फेसबुक हे आजपण सांगत नाही.

ऑर्कुटची खरी मजा कम्युनिटीत, भरीताच्या वांग्यावरून रात्र रात्र वाद. पण नवीन काय झालं ते बघायला एकेकाच्या दारात जावं लागायचं. फेसबुकने २००६ ला न्यूज फीड आणलं, सगळ्यांची खबर एकाच जागी, न २००९ ला लाईकचं बटण, मंग तर लिहायचीपण गरज नाही. ३० सप्टेंबर २०१४ ला गुगलने ऑर्कुटला कुलूपच लावलं.

सोयीत फेसबुक पुढे, मान्य. पण तिथं आता मित्र कमी न जाहिराती जास्त, पोरं तर इन्स्टावरच पडीक. माझं मत ऑर्कुटलाच, एका दोस्ताने टेस्टिमोनियलमध्ये लिहिलं होतं "याला उधार देऊ नका" न मी ते अप्रूव्हपण केलं होतं.