फोटोडायोडच्या क्षीण सिग्नलसाठी आरजी-४०५ सेमी-रिजिड केबल

आरजी-४०५ ही सेमी-रिजिड (एकदा वाकवली की तोच आकार धरून राहणारी) कोॲक्शियल केबल प्रामुख्याने मायक्रोवेव्ह उपकरणांत वापरली जात असल्याने फोटोडायोडपासून (प्रकाशाचे विद्युतप्रवाहात रूपांतर करणाऱ्या घटकापासून) तो सिग्नल वाढवणाऱ्या प्रीॲम्प्लिफायरपर्यंत काही नॅनोअँपिअरचा प्रवाह नेण्यासाठी ती सहसा कोणाला सुचत नाही. उपकरणाच्या पेटीतील जोडणीसाठी मात्र मी आता तिलाच पहिली पसंती देतो.

बाहेर २.१८ मिमी व्यासाची तांब्याची अखंड नळी, आत टेफ्लॉन आणि मधोमध चांदीचा मुलामा दिलेली ०.५१ मिमीची तार अशी तिची रचना आहे. नेहमीच्या लवचीक केबलच्या विणलेल्या जाळीत फटी राहतात, नळीत त्या नसतात, म्हणून शील्डिंग, म्हणजे बाहेरच्या विद्युत गोंगाटापासून संरक्षण, उत्तम मिळते. परंतु क्षीण सिग्नलच्या दृष्टीने मला याहून मोलाचा वाटतो तो तिचा स्थिरपणा. लवचीक केबल हलली की जाळी आणि इन्सुलेशन एकमेकांवर घासून विद्युतभार निर्माण होतो, आणि सर्किटचा इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) जास्त असेल तर तो भार सिग्नलमध्येच मिसळतो. अशा वेळी कूलिंग फॅनच्या कंपनानेसुद्धा ऑसिलोस्कोपवरची रेषा डुलू लागते. हव्या त्या आकारात वाकवून दोन्ही टोकांना पक्की सोल्डर केलेली आरजी-४०५ जागची हलत नाही, त्यामुळे हा उपद्रव जवळजवळ संपतो.

मात्र ट्रान्सफॉर्मरच्या ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला ही नळी अडवेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्या वारंवारतेला तांब्यातील स्किन डेप्थ, म्हणजे क्षेत्र धातूत जितके शिरल्यावर बरेच क्षीण होते ती खोली, सुमारे ९ मिमी असते आणि नळीची जाडी जेमतेम पाव मिमी. तिथे ट्रान्सफॉर्मर दूर ठेवणे किंवा म्यू-मेटलचे (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या खास मिश्रधातूचे) आवरण घालणे हाच उपाय आहे. केबलची कपॅसिटन्स मीटरला सुमारे ९५ पिकोफॅरड, म्हणजे १० सेंमीच्या तुकड्याला साडेनऊच्या आसपास भरते. प्रीॲम्प्लिफायर म्हणून वापरलेल्या ट्रान्सइम्पिडन्स (प्रवाहाचे व्होल्टेजमध्ये रूपांतर करणाऱ्या) ॲम्प्लिफायरचा नॉइज तेवढ्यानेही वाढतो, म्हणून तुकडा शक्य तितका आखूड ठेवावा.

कापताना पक्कड वापरल्यास नळी चेपते. केबल टेबलावर ठेवून धारदार ब्लेडखाली सावकाश गोल फिरवावी, सगळीकडून सारखी खाच पडली की तिथे हलकेच वाकवून नळी तोडावी आणि मग टेफ्लॉन कापावे. उष्णतेने टेफ्लॉन तांब्यापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते आणि सोल्डरिंग करताना टोकातून बाहेर डोकावते; पूर्ण थंड झाल्यावरच ते ब्लेडने सपाट करावे. नळी उघडी असल्याने वाटेत कुठेही चासीला (उपकरणाच्या धातूच्या सांगाड्याला) टेकून ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंडच्या दोन वाटांतून नको असलेला प्रवाह फिरवणारे वळसे, तयार होऊ शकतो, म्हणून उष्णतेने आकसणारी हीटश्रिंक स्लीव्ह चढवणे मी आवश्यक मानतो.

ज्या जोडण्या वारंवार सोडवाव्या लागतात, तिथे ही केबल घेऊ नये, कारण त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवल्यास नळीला तडा जातो. अशा ठिकाणी कथिलात भिजवलेल्या जाळीची, हाताने वळवता येणारी केबल अधिक सोयीची पडते.