आधी कोणाला बोलवावं: कूलिंगवाल्याला की सर्व्हरवाल्याला?

डेटा सेंटरचं वीजबिल उतरवायचं ठरलं की दोन तऱ्हेचे तज्ज्ञ समोर येतात. एक इमारतीच्या बाजूने बघणारे: चिलर (थंडाव्यासाठी पाणी गार करणारं यंत्र), हवेचा प्रवाह, यूपीएस. दुसरे सर्व्हरच्या आत डोकावणारे: कुठलं मशीन कशासाठी चालू आहे आणि कुठलं उगाच तापतंय. दोघांनाही एकदम बोलवण्याइतका पैसा आणि उसंत क्वचितच कुणाकडे असते. मध्यम आकाराच्या सर्व्हर रूमसाठी मी ही निवड केली आहे, पुढेमागे दोघांबरोबरही काम केलंय, त्या अनुभवावर हे लिहितो. तुमचा पसारा फार मोठा असेल तर हिशेब वेगळा निघू शकेल.

कूलिंगवाल्याचं काम डोळ्यांना दिसतं, हे त्याचं मोठं सुख. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी लॅपटॉप उघडण्याआधी खिशातून टिश्यू पेपरची पट्टी काढली आणि थंड हवा वर सोडणाऱ्या जाळीच्या फरश्यांवर धरत रांगेतून फिरले. जिथे रॅकच (सर्व्हरचं कपाट) नव्हता तिथे पट्टी फडफडत होती. सगळ्यात भरलेल्या रॅकसमोर मलूल लोंबत होती. मग फरश्या हलल्या, रॅकमधल्या रिकाम्या जागांवर ब्लँकिंग पॅनल, म्हणजे झाकणं, लागली, केबलची भोकं बुजली आणि थंड बाजूचं तापमान हळूहळू वर चढवलं गेलं. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा 18 ते 27 अंश सेल्सिअस असावी, ही अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस 2008 पासूनची आहे, तरी कित्येक सर्व्हर रूममध्ये अजून स्वेटर घालून जावं लागतं. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे एसीच्या पंख्यांचा वेग 20 टक्क्यांनी उतरवला तरी त्यांची वीज जवळजवळ निम्मी होते. आणि यासाठी एकही सर्व्हर बंद करावा लागत नाही, कुणाची मनधरणी करावी लागत नाही. कामाला नावं ठेवायला जागा नाही.

माझं घोडं पेंड खातं ते पीयूई या आकड्यापाशी.

सूत्र सोपं आहे: डेटा सेंटरची एकूण वीज भागिले त्यातल्या आयटी यंत्रांची, म्हणजे मुख्यतः सर्व्हरची, वीज. आकडा 1 च्या जितका जवळ तितका चांगला. ग्रीन ग्रिड या संस्थेने 2007 च्या सुमारास हा आकडा रुजवला आणि त्याने खूप भलं केलं, हे आधी मान्य करतो. पण कूलिंगवाल्यांचा अहवाल, त्यांचा करार, त्यांचं यश सगळं त्याच एका आकड्यावर तोललेलं असतं. आता समजा, सर्व्हर 100 किलोवॅट खाताहेत आणि बाकीचा लवाजमा 60. म्हणजे पीयूई 1.6. तुम्ही निकामी सर्व्हर काढून 20 किलोवॅट वाचवलेत. लवाजमा त्या प्रमाणात उतरत नाही, तो समजा 54 वर आला. एकूण वीज 160 वरून 134 झाली आणि पीयूई 1.6 वरून जवळपास 1.68! बिल घसरलं, अहवालात मात्र तुम्ही नापास. आमच्याकडे नेमकं हेच झालं. काम चालू असतानाच जुनी मशीन काढली, तर पीयूईचा आलेख वर गेला आणि 'लोड (सर्व्हरचा वीजवापर) पूर्ववत कधी होईल?' अशी कूलिंगवाल्याकडून अत्यंत नम्र विचारणा आली. माणूस भला होता, पण त्याचं बक्षीस आणि माझी बचत एकमेकांकडे पाठ करून उभी होती.

उलट दिशेनेही हा आकडा फसवतो. खोलीचं तापमान फार चढवलं की सर्व्हरमधले छोटे पंखे जोरात फिरू लागतात. त्यांची वीज आयटीच्या खात्यात जाते, म्हणून पीयूई सुधारतो आणि एकूण खर्च वाढतो. मी ते मीटरने मोजलं नाही. रॅकच्या मागच्या बाजूला उभं राहून शेजारच्याशी बोलता येईना, तेव्हाच कळलं.

सर्व्हरवाल्याचं काम कंटाळवाणं असतं. तो एक यादी मागतो आणि प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारतो: हे कोणाचं? निम्म्या वेळा उत्तर येत नाही. जोनाथन कूमी आणि जॉन टेलर या अभ्यासकांच्या 2015 च्या पाहणीत सुमारे 30 टक्के सर्व्हर महिनोन्महिने काहीच उपयोगी काम न करता चालू सापडले होते. त्याआधी 2007 मध्ये गूगलच्या लुईस बारोसो आणि उर्स हॉल्झल यांनी दाखवलं होतं, की सर्व्हर बहुतेक वेळ 10 ते 50 टक्के क्षमतेवरच चालतात आणि रिकामा बसलेला सर्व्हरही कमाल विजेच्या निम्म्याच्या आसपास खातो. आजची यंत्रं याबाबत सुधारली आहेत, पण बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) 'परफॉर्मन्स' हा वीज न वाचवणारा पर्याय ठोकून ठेवला असेल तर ती सुधारणा कागदावरच राहते. आमच्याकडे बऱ्याच मशीनवर तो तसाच होता. कोणी ठेवला, का ठेवला, कुणालाच सांगता येईना.

त्रासही सांगतो. बैठका फार होतात. बायोसची एक सेटिंग बदलली की पुढचा महिनाभर कुठलंही सॉफ्टवेअर हळू चाललं तरी खापर तिच्यावरच फुटतं. शिवाय तज्ज्ञ म्हणून येणारे काही जण मुळात नवे सर्व्हर विकायला आलेले असतात. ते दुसऱ्या भेटीत कळतं.

तरीही माझा कल याच बाजूला आहे, आणि कारण क्रमाचं आहे. उष्णता जिथे निर्माण होते तिथे आधी हात घातला तर पुढे किती कूलिंग लागणार ते नीट ठरवता येतं. आधी आजच्या लोडसाठी चिलर बेतून घेतला आणि मग लोडच काढला, तर ती आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत. मसानेट, कूमी आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये मांडलेला हिशेबही मला बोलका वाटतो: 2010 ते 2018 या काळात जगभरच्या डेटा सेंटरमधलं कॉम्प्युटिंग सुमारे 550 टक्क्यांनी वाढलं, वीज फक्त 6 टक्क्यांनी. त्यात मोठ्या केंद्रांतल्या चांगल्या कूलिंगचा वाटा आहेच, पण कार्यक्षम सर्व्हर आणि व्हर्च्युअलायझेशन (एकाच मशीनवर अनेक सर्व्हरचं काम चालवणं) नसतं तर हे जमलं नसतं.

काही ठिकाणी मात्र मी स्वतःच कूलिंगवाल्याला आधी फोन करीन. एखादा कोपरा तापून मशीन बंद पडत असतील, किंवा जीपीयूचे (खूप वीज खाणाऱ्या, खूप तापणाऱ्या चिपचे) घनदाट रॅक आणून थेट द्रव कूलिंगकडे जायचं असेल, तर सर्व्हरवाला तिथे पुरा पडत नाही. उलट जागा भाड्याची असेल तर प्रश्नच मिटला, सर्व्हरवालाच बोलवायचा. चिलर तुमचा नाही, सर्व्हर तेवढे तुमचे.

कोणालाही बोलवा, पण करारात पीयूई लिहायचाच असेल तर शेजारी महिन्याचे एकूण युनिट लिहून घ्या, आणि पैसे युनिटवर द्या. दुसऱ्या फेरीत आम्ही कूलिंगवाल्यांपुढे हीच अट ठेवली. एकाने हसून लगेच मान्य केली, काम त्यालाच दिलं.