आयर्नवुल्फ की रेड प्लस? लग्नाचं शूटिंग साठवणाऱ्या डेस्कटॉपसाठी

आमच्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तूप काढायला विप्रो सुरू झाली आणि पुढे ती कॉम्प्युटरवाली झाली, हे इथला कोणीही छाती फुगवून सांगेल. चार टीबीची हार्ड डिस्क घ्यायला मात्र अजून जळगाव गाठावं लागतं. सकाळची गाडी, धरणगाव, पाळधी, जळगाव, मग गोलाणी मार्केटचे जिने. काउंटरवर "इंटर्नल, चार टीबी" म्हटलं की दुकानदार विचारतो, "डब्ल्यूडी (म्हणजे वेस्टर्न डिजिटल) देऊ की सीगेट?" आणि आपण तोंड उघडायच्या आत सल्लाही देऊन टाकतो, "डब्ल्यूडीच न्या भाऊ, सीगेट उडते."

हा सल्ला मी पंधरा वर्षं ऐकतोय. त्यातली दहाएक वर्षं पाळलाही. आता पाळत नाही, म्हणूनच सीगेटची आयर्नवुल्फ की डब्ल्यूडीची रेड प्लस हा प्रश्न पडला.

सल्ला अगदीच हवेतला आहे असं नाही. २००९ च्या सुरुवातीला सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेत फर्मवेअरची, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्रामची, भानगड निघाली होती, चालती डिस्क एका सकाळी ओळखच दाखवेना. पुढे तीन टीबीचं एसटी३०००डीएम००१ हे मॉडेल इतकं बदनाम झालं की अजून त्याच्या नावाने लोक बोटं मोडतात. पण म्हणून सगळं खानदान वाईट? आणि आता खानदानं उरलीत तरी किती? मॅक्सटॉर २००६ मध्ये सीगेटने घेतली, सॅमसंगचा हार्ड डिस्कचा धंदा २०११ मध्ये तिकडेच गेला, आणि ज्या हिताचीची जुने लोक अजून आठवण काढतात ती २०१२ मध्ये डब्ल्यूडीच्या घरी नांदायला गेली. तिसरी तोशिबा. संपलं. बॅकब्लेझ ही अमेरिकेतली बॅकअप कंपनी २०१३ पासून स्वतःच्या डेटा सेंटरमधल्या ड्राइव्हचे हिशोब जाहीर करते, ते चाळले तरी हेच दिसतं. एकाच कंपनीचं एक मॉडेल धडाधड मरतं आणि दुसरं वर्षानुवर्षं हूं की चूं करत नाही. अर्थात त्यांच्या ड्राइव्ह एसीत फिरतात. माझी फिरते कूलरच्या वाऱ्यात, लाईट असेपर्यंत.

लाईटवरूनच माझा निकाल लागला.

आधीची चार टीबीची डिस्क मी साध्या डेस्कटॉप मालिकेतली घेतली होती. कुठल्या कंपनीची ते मी सांगत नाही, कारण चार टीबीच्या बऱ्याच साध्या डिस्क तिच्याच जातीच्या निघाल्या आहेत; ती जात कुठली ते पुढे सांगतो. नवी होती तोवर काही कळलं नाही. पाऊण भरली, जुनी लग्नं पुसून नवी टाकायला लागलो, तसे तिचे रंग दिसू लागले. एप्रिलमधली एक हळद संपवून रात्री साडेदहाला आलो, १२८ जीबीचं कार्ड लावलं. सुरुवातीचे वीसेक जीबी भरभर गेले. मग कॉपीच्या वेगाचा तो हिरवा आलेख कडेलोट झाल्यासारखा खाली आला आणि सेकंदाला १५ एमबीवर जाऊन बसला. वेळ दोन तास. सकाळी सातला वऱ्हाडाबरोबर निघायचं, कार्ड रिकामं हवं. अन् लाईट गेली.

माझा यूपीएस दहा मिनिटांचा. कॉपी रद्द केली, तर 'कॅन्सलिंग' लिहून खिडकी तशीच. यूपीएसची टूं टूं चाललेली, डिस्कची आत खरखर चाललेली, शटडाऊन काही होईना. शेवटी दोघांनी एकदमच मान टाकली. कार्ड फॉरमॅट केलेलं नव्हतं म्हणून हळद वाचली. आधीच्या लग्नाचं एक फोल्डर मात्र पुन्हा उघडलं नाही.

ही जात म्हणजे एसएमआर. आमच्याकडे घरं धाब्याची, पण कौलं सगळ्यांनी पाहिलीत. कौल जसं शेजारच्यावर थोडं चढवतात, तसे या डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात. कमी जागेत जास्त माल बसतो, डिस्क स्वस्त पडते. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली सगळी उचलून पुन्हा बसवावी लागतात. हे काम डिस्क गुपचूप, रिकाम्या वेळात करते. तिला रिकामा वेळच मिळाला नाही की लिहिण्याचा वेग बसतो. सिनेमे, गाणी, घरचे फोटो ठेवणाऱ्याला हे आयुष्यात जाणवणार नाही, त्याने खुशाल सीगेटची बाराकुडा किंवा डब्ल्यूडीची ब्लू घ्यावी, पैसे वाचतील. रोज शंभर-दीडशे जीबी ओतणाऱ्याने घेऊ नये. त्याला सीएमआर हवी, म्हणजे ट्रॅक शेजारी शेजारी, कोणी कोणाच्या डोक्यावर नाही.

आता खरी चीड इथे आहे. कुठली डिस्क कुठल्या जातीची हे खोक्यावर ठळक लिहिलेलं नसतं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "सगळ्या सारख्याच असतात भो." म्हणजे नावावरून ओळखता आली पाहिजे, आणि या एका मुद्द्यावर माझं पारडं सीगेटकडे झुकलं. नॅस म्हणजे अनेक डिस्क एकत्र घालून नेटवर्कला जोडायची पेटी. सीगेटची नॅससाठीची मालिका म्हणजे आयर्नवुल्फ, आणि आयर्नवुल्फ म्हटली की सीएमआर. कंपनीने हे २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं. डब्ल्यूडीचं तेव्हा वेगळंच चाललं होतं. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या दोन ते सहा टीबीच्या काही ड्राइव्ह एसएमआर निघाल्या, बोभाटा झाला, मग कंपनीने यादी जाहीर केली आणि सीएमआरवाल्यांना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. आज रेड प्लस उत्तम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 'प्लस' हा एक शब्द काउंटरवर सहज गळतो. मागितली रेड प्लस, बिलावर नुसती रेड, आणि घरी येऊन मॉडेल नंबर शोधत बसायचं. आयर्नवुल्फमध्ये गळायला काही नाही. सीगेटचीही बाजू सगळी स्वच्छ नाही म्हणा, बऱ्याच बाराकुडा एसएमआर आहेत हे त्यांनीही काही ढोल बडवून सांगितलं नव्हतं.

बाकी दोघींत निवडण्यासारखं फार नाही. वॉरंटी दोन्हीकडे तीन वर्षं, साध्या मालिकांत ती दोनच. आवाजात रेड प्लस किंचित शांत वाटली, पण माझ्या खोलीत कूलर चालू असतो, तेव्हा माझ्या कानांवर विसंबू नका. मे महिन्यात बाहेर ४५ च्या आसपास असताना दुपारी तीनला आयर्नवुल्फ ४८-४९ अंश दाखवत होती, पुढचा पंखा लावल्यावर ४४. साध्या डिस्कसुद्धा कंपन्या ६० पर्यंत चालतील म्हणतात, तरी पंखा लावाच. तोशिबाची एन३०० सुद्धा सीएमआर, पण ती मिनिटाला ७२०० फेऱ्यांची. गरम जास्त, आवाजही मोठा. थंड गावात कदाचित मी तीच घेतली असती.

एक पर्याय तुमच्यापुढे हमखास येईल, तो सीसीटीव्हीसाठी बनवलेल्या डब्ल्यूडी पर्पलचा. तालुक्याच्या गावात सीसीटीव्हीमुळे कुठली हार्ड डिस्क हाताशी असेल तर तीच. चालते, अनेकांची चालली आहे. ती अखंड लिहिण्यासाठी घडवलेली आहे, एखादा फ्रेम हुकला तरी रेकॉर्डिंग थांबू नये या हिशोबाने. चौकातल्या कॅमेऱ्याला तो हिशोब ठीक. सप्तपदीच्या फ्रेमला मला तो पटला नाही, इतकंच.

नॅसच्या डिस्कचीही एक खोड आहे आणि ती दोन्हीकडे सारखी. खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा वाचता न येणारा बारीकसा तुकडा, लागला तर त्या फार झुंजत नाहीत, सातेक सेकंदांत हात टेकतात, कारण शेजारी दुसऱ्या डिस्क सांभाळून घेतील असं त्या धरून चालतात. आपल्या डेस्कटॉपमध्ये शेजारी कोणी नसतं. म्हणून दुसरी प्रत हवीच, आणि ती मी मुद्दाम रेड प्लसवर ठेवली आहे. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातून आलेल्या असल्या की एकदमच जायची भीती वाटते.

किमतीत साध्या डिस्कपेक्षा मी घेतली तेव्हा दोनेक हजारांचा फरक होता. तो द्यायचाच ठरवलात तर काउंटरवरून हलायच्या आधी सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख बघा. मला एका दुकानात फार गोड दराने एक दिली होती, साइटवर टाकली तर वॉरंटी भारतातली नाहीच. "वॉरंटी आमची ना भाऊ," असं उत्तर आलं. परत ठेवली. नंतर दुसरीकडून घेतलेली टॉवेलमध्ये गुंडाळून, मांडीवर धरून गाडीने आणली. समोरच्या आजीला वाटलं, मी मोबाईल लपवतोय.

आता सव्वा दोन वर्षं झाली. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो अजून निळं, म्हणजे ठणठणीत, आहे, एकही सेक्टर बदललेला नाही. दोन डिस्कवरून सिद्ध काय होणार, काहीच नाही, हे मलाही कळतं. परवा चोपड्याचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, लग्नसराईच्या आधी एक घ्यायची, कुठली घेऊ?" म्हटलं, आयर्नवुल्फ मिळाली तर घे. नाही मिळाली तर रेड प्लस, फक्त बिलावर 'प्लस' लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नको.