चांदीच्या खाणीच्या नावाखाली माझे 5,42,000 रुपये गेले

पाच लाख बेचाळीस हजार. आकडा आधीच लिहितो, कारण पुढं वाचताना लोक म्हणणारच की शिकलेला माणूस दगडाला पैसे कसा देतो. मी दगडाला दिले नाहीत. प्रयोगशाळेचा शिक्का असलेल्या रिपोर्टवर विश्वास ठेवून दिले.

बाकी पद्धत नेहमीचीच. सोयऱ्यातल्या ओळखीनं आलेला माणूस, गळ्यात ओळखपत्र, 'दहाच भागीदार घ्यायचेत, आठ झाले'. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. इथं फक्त प्लॉटच्या जागी शिसं, जस्त आणि चांदी होती. माळ तेलंगणाच्या हद्दीकडचा, गाडीरस्ता संपल्यावरही बरंच चालायचं. जागा त्यानं लई विचार करून निवडली होती. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी खाली काळा पाषाणच. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं, तर जवळपास 338 मीटर नुसता काळा दगड आणि मग कुठं जुना खडक लागला. असल्या काळ्या दगडात चांदी सांगितली असती तर त्याला दारातूनच हाकललं असतं. पण देगलूर-बिलोलीकडं जुना ग्रॅनाइट उघडा पडलेला आहे, आणि धातूच्या शिरा अशा जुन्या खडकात सापडू शकतात हे मी स्वतः वाचून घेतलं होतं. डोळे झाकून गेलो नव्हतो.

माळावर पांढऱ्या गारेची, म्हणजे गारगोटीची, एक रुंद शीर होती, ती खरी होती. तिच्या पायथ्याशी त्यानं टिकाव मारला आणि मातीतून चकाकणारे, चौकोनी कडांचे तुकडे काढले. हातात घेतला की वजनानं हात खाली जातो. गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज. गारगोटी पाण्याच्या अडीचपट जड, तर हे साडेसातपट. वर लोहचुंबक लावून दाखवलं, 'चिकटत नाही, म्हणजे चांदी'. चिकटत नाही ते गॅलेनाही आणि गारही. चुंबकानं चांदी कळत नसते.

आणि तिथंच दिसायला हवं होतं. सगळे तुकडे मातीत होते, शिरेत एक कणही नव्हता. मी विचारलं होतं! 'वरचं वाहून गेलं, खाली भरलेलं आहे,' म्हणाला. उघड्यावर पावसात पडलेलं गॅलेना आरशासारखं राहत नाही, काळपट पडतं, वर करडं-पांढरं कवच धरतं. हे तुकडे सगळ्या बाजूंनी लखलखीत होते. त्यांना चिकटलेला दगडही ग्रॅनाइट नव्हता. एका निवृत्त प्राध्यापकांनी नंतर त्याची पूड करून पातळ ॲसिड टाकलं, तर फेस आला. डोलोमाइट. राजस्थानात उदयपूरजवळ जावरच्या खाणींत शिसं-जस्त डोलोमाइटमध्ये असतं. तुकडे तिथलेच असं मी म्हणत नाही, पण त्या माळाचे नव्हते, आणून पुरले होते. हे त्या दिवशी मला कोण सांगणार होतं? मी शेतकरी आहे.

रिपोर्ट खोटा नव्हता, हे सगळ्यात जास्त डाचतं. टनाला 900 ग्रॅम चांदी लिहिलेली. खाली बारीक अक्षरात होतं की नमुना ग्राहकानं आणून दिला. प्रयोगशाळा दगड तपासते, तो कुठला आहे ते नाही. नमुना स्वतः शिरेतून फोडा, स्वतः पिशवी बंद करा, स्वतः पाठवा.

51,000 टोकन. 3,40,000 ड्रिलिंगला. 1,25,000 'लीजच्या फायली'ला. शेवटी 26,000 तपासणी पथकाला. सोयाबीन आणि रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचे पैसे होते. लीजचं तर ऐकाच. 1957 च्या खाण कायद्यात 2015 साली बदल झाला, तेव्हापासून शिसं, जस्त, चांदी यांच्या खाणपट्ट्याचा लिलाव होतो. कुणाच्या खिशातल्या फायलीवर तो मिळत नाही. कुणी 'फाइल पुढं सरकवतो' म्हणाला की तिथंच उठा.

आता कारभार ऐका. आमच्या ठाण्यात म्हणाले, जागा दुसऱ्या जिल्ह्यात, तिकडं जा. तिकडं म्हणाले, पैसे तुमच्या गावात दिले, तिकडं जा. मग म्हणाले, स्टँपपेपरवर भागीदारी आहे, हा दिवाणी वाद, वकील बघा. अहो, पुरलेले दगड दाखवून पैसे घेणं हा दिवाणी वाद कसा? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 कशासाठी आहे? नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठंही घडला तरी नोंदवून घ्यायचा असतो, ते कलम छापून नेलं, तर साहेब बंदोबस्तात. खनिज शाखेत गेलो तर 'आमच्याकडं वाळू-मुरूम, शिसं नागपूरला'. नागपूरला पत्र टाकलं, त्याचं उत्तर नाही. एकानंही 'बसा' म्हटलं नाही. उलट एक कारकून समोरच म्हणाला, लोभ कुणी करायला सांगितला होता. लोभ? पोराच्या शिक्षणासाठी पैसा गुंतवणं लोभ आहे का?

बँकेतून पैसे गेले असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा. माझे निम्मे रोख गेले, त्याची पावतीही नाही. रोख देऊ नका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावर खडकांचे नकाशे मोफत बघता येतात, पैसे देण्याआधी तेवढं तरी बघा.

तो माणूस अजून मोकळा फिरतोय, आता दुसऱ्या तालुक्यात 'तांबं' दाखवतो असं कानावर आलं. कुणाला त्यानं चांदीचा रिपोर्ट दिला असेल तर त्यावरचा नमुना क्रमांक आणि तारीख मला कळवा. एकच रिपोर्ट दोघांना विकलेला निघाला, तर ठाण्यात भागीदारीचा वाद म्हणून कुणाला परत पाठवता येणार नाही.